मोटारीच्या टपावरील एरियल

अमेरिकेंत बिनतारी संदेश ऐकण्याचें ‘स्कॅनर’ नांवाचें एक यंत्र हौशी लोकांच्या घरीं व मोटारींत आढळतें. साधा रेडिओ एका वेळीं एकाच केंद्रावर स्थिर असतो. स्कॅनर मात्र नेमून दिलेल्या अनेक कंपनसंख्या एकामागून एक चाळून पाहातो, आणि जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबून तें बोलणें आपणांस ऐकवितो. विमानांचे चालक, रेल्वेचे कर्मचारी, हवामानखातें अशा अनेकांचे संदेश त्यावर येतात. परंतु यंत्र कितीहि मोलाचें असलें, तरी त्यास ऐकूं येणार किती, हें बहुतांशीं एरियलवरून ठरतें. मोटारीसाठीं एरियल कशी निवडावी व कोठें बसवावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. कॅन्सस, ओक्लाहोमा इत्यादि राज्यांत विशेषतः वसंत ऋतूंत ‘टॉर्नेडो’ नांवाचीं भयंकर चक्री वादळें होतात. तेथील राष्ट्रीय हवामानखातें १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील सात वाहिन्यांवरून रात्रंदिवस हवामान सांगत असतें, व वादळाचे इशारेहि देतें. एका केंद्राचा आवाज साधारणतः ४० मैलांपर्यंत पोंचतो. त्या सीमेवरून जाणाऱ्या मोटारींतील कुटुंबास इशारा स्पष्ट ऐकूं येईल कीं नुसती खरखर कानीं पडेल, हें पुष्कळदां एरियलच्या हातीं असतें.

पहिला नियम असा कीं, एरियल मोटारीच्या बाहेर असावी. मोटार म्हणजे पत्र्याची पेटी. लहरी काय त्या खिडक्यांच्या वाटेनेंच आंत शिरतात. शिवाय मोटारींतील विजेच्या उपकरणांची खरखर तेथें अधिक.

दुसरा नियम लांबीचा. बिनतारी लहरी प्रकाशाच्याच वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३० कोटी मीटर, धांवतात. या वेगास कंपनसंख्येनें भागलें असतां एका लहरीची लांबी निघते. टपावरील उभी दांडी या लांबीच्या चतुर्थांशाइतकी असली, म्हणजे ती त्या लहरीस उत्तम प्रतिसाद देते. हिशेब सोपा आहे: ७५०० ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें, उत्तर सेंटिमीटरांत येतें. हवामानाच्या १६२ साठीं दांडी सुमारें ४६ सेंटिमीटर, विमानांच्या १२५ साठीं ६०, आणि ८०० साठीं केवळ ९ सेंटिमीटर होते. प्रत्यक्षांत ती किंचित् आंखूड ठेवतात. मौज अशी कीं, जी दांडी एका कंपनसंख्येस पाव लहर ठरते, तीच तिप्पट कंपनसंख्येस पाऊण लहर होते; म्हणून १५० साठीं कापलेली दांडी ४५० लाहि बरी चालते. संदेश पाठविणाऱ्या यंत्रास माप नेमकें लागतें; ऐकणाऱ्या यंत्रास थोडा फरक सोसतो. म्हणून अनेक पट्टे ऐकूं इच्छिणाऱ्यानें एकाच पट्ट्यासाठीं बनविलेली उंच व महाग एरियल न घेतां साधी पाव लहरीची अथवा अनेक पट्ट्यांची एरियल घ्यावी.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दांडी ही अर्धीच एरियल होय. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा! शांत तळ्यांत कांठच्या वृक्षाचें प्रतिबिंब दिसावें, तसें सपाट पत्र्यांत दांडीचें जणूं विद्युत्-प्रतिबिंब पडतें, व दोन्ही मिळून एरियल पूर्ण होते. म्हणून दांडीच्या चोहोंकडे निदान तिच्या लांबीइतका पत्रा असावा. टपाचा मध्य ही जागा सर्वांत उत्तम. कारण ती उंचहि आहे आणि तेथें सर्व बाजूंस पत्राहि आहे. डिकीच्या कडेस लावलेली दांडी एका दिशेस अधिक व दुसरीस कमी ऐकते, आणि टपहि तिच्या आड येतो.

बसविण्याच्या मुख्य रीति तीन. टपास पाऊण इंचाचें भोंक पाडून पक्की बैठक बसविणें ही सर्वांत टिकाऊ. तींत आंतील बाजूचा रंग खरवडून बैठकीचा पत्र्याशीं नीट स्पर्श घडवावा, व वरून पाणी शिरणार नाहीं अशी काळजी घ्यावी. भोंक पाडणें नको असेल त्यानें लोहचुंबकाची बैठक घ्यावी. मात्र तिच्याखालील धूळ वारंवार पुसावी, नाहीं तर रंगावर ओरखडे उठतात. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाहीं. फोर्ड कंपनीच्या २०१५ सालापासूनच्या एफ-१५० गाडीचें बाहेरील कवच त्याच धातूचें आहे. तिसरी रीत डिकीच्या कडेस स्क्रूनें आवळण्याची. ती मध्यम प्रतीची. कांचेवर चिकटविण्याची एरियलहि मिळते, पण तिला खालीं पत्रा नसल्यानें ती बहुधा दुबळी ठरते.

केबल शक्य तितकी आंखूड ठेवावी; कारण कंपनसंख्या वाढते तसतसा केबलींतच अधिक संदेश जिरून जातो. दारांत ती चेंगरूं देऊं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हल्लींच्या मोटारींत टपाच्या कडेस व खांबांत अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यावरून केबल कदापि नेऊं नये. गिरमिट चालविण्यापूर्वींहि खालीं काय आहे तें पाहावें.

शेवटीं कायद्याविषयीं. अमेरिकेंतहि कांहीं राज्यांत मोटारींत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत, आणि इतरांचीं मोबाइल फोनवरील संभाषणें चोरून ऐकणें तेथें गुन्हा आहे. आपल्या देशांत असें यंत्र घेण्यापूर्वीं शासनाचे नियम अवश्य पाहावेत, व पालकांनींहि त्यांत लक्ष घालावें. परंतु भागाकार करून दांडीची लांबी काढणें व पत्र्याचें मर्म जाणणें यांस कोणाच्याहि परवान्याची गरज नाहीं. दांडी सर्वांना दिसते. काम मात्र तिच्याखालचा न दिसणारा भागहि तितकेंच करीत असतो, हें ज्यानें ओळखलें तो एरियल योग्य जागींच बसवील.