सुई टोचल्यानंतरचा अर्धा तास

पाऊस पडून गेला, की चिखली-मेहकर रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजते. त्याचे पराग नाकात गेले, की कुणाला शिंकांवर शिंका येतात, कुणाला धाप लागते. महाराष्ट्रात हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. आता बुलढाणा जिल्हाच काय, सारा देश त्याने व्यापला आहे.

ज्या परागाने त्रास होतो त्याचाच अर्क अगदी अल्प प्रमाणात टोचायचा व मात्रा हळूहळू वाढवीत न्यायची, हा परागांच्या ॲलर्जीवरचा एक उपचार. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागावर तो करून पाहिला. मात्रा जास्त झाली, किंवा फार लवकर लवकर दिली, तर त्रास उलट वाढतो, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले.

असे का व्हावे? ॲलर्जी असलेल्याच्या शरीरात त्या परागाविरुद्ध ‘आयजीई’ जातीची प्रतिपिंडे असतात. ती मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात. परागातील प्रथिनाचा रेणू शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम जोडतो, तेव्हा पेशी आपल्याजवळचे हिस्टामीन बाहेर टाकते. हे नाकापुरते घडले, तर शिंका. पण टोचलेला अर्क रक्तातून सर्वत्र पोचला तर? रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतला द्रव झिरपतो, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. याला ॲनॅफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव पोर्तिये व रीशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली दिले. समुद्रपुष्पाचे विष टोचून कुत्र्यांना त्यापासून सुरक्षित करायला ते निघाले होते. दुसऱ्या खेपेच्या इवल्याशा मात्रेने कुत्रा दगावला!

मात्रा मुंगीच्या पावलांनी वाढवली, तर मात्र शरीर ‘आयजीजी’ जातीची प्रतिपिंडे बनवू लागते. ती परागाच्या प्रथिनाला वाटेतच अडवतात.

ब्रिटनमध्ये १९५७ पासून अशा टोचण्यांनी २६ मृत्यू झाल्याचे १९८६ साली जाहीर झाले. मग तेथे टोचल्यावर दोन तास थांबण्याची सूचना निघाली. आता बहुतेक ठिकाणी अर्धा तास थांबवतात, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा तेवढ्यात सुरू होते. परतीची एसटी निघाली, तरी या वेळात दवाखान्यातून उठायचे नसते. तळहात खाजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे ही तिची लक्षणे. अशा वेळी पहिला इलाज ॲड्रेनॅलिनचा, तोही मांडीच्या बाहेरील स्नायूत, विलंब न लावता. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीने भागत नाही. ती हिस्टामीनला अडवते, पण कोसळलेला रक्तदाब वर आणीत नाही. दमा आटोक्यात नसेल, त्या दिवशी डॉक्टर सुई टोचतच नाहीत.