पुन्हा भाकरीकडे

ऑपरेशन पुण्यात होतं, भाकरी मात्र सोनईतच भाजली जाते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची बातमी आपल्याकडे बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरच्या दारातच संपते. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा किती किलो उतरले याचीच चर्चा. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या ईमान अहमद यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तर विमान, क्रेन आणि वजनाचे आकडे यांनी पानंच्या पानं भरली. घरी परतलेला माणूस काय खातो, घास कुठे अडतो, पहिली भाकरी कधी खायची, हे सांगायला कुणी थांबत नाही. वजन खाली राहणार की पुन्हा चढणार, हे मात्र बरंचसं तिथेच ठरतं.

नगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातली सोनई म्हणजे उसाचा मुलूख. मुळेच्या कालव्याचं पाणी, मुळा सहकारी साखर कारखाना, शेजारी शनिशिंगणापूर. ताटात बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, आमटी, ठेचा, कांदा. अशा घरात पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस आला की सल्ल्यांना तोटा नसतो. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणतात, ‘‘पाण्यावर किती दिवस काढणार? अंगात ताकद कुठून येईल?’’ दोन महिन्यांनी तेच लोक म्हणतात, ‘‘आता जन्मभर हलकं, पातळच घ्या. कशाला जोखीम?’’ दोन्ही सल्ले मायेपोटी येतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. माझ्या मते दुसरा जास्त घातक, कारण त्यातला धोका कुणाला दिसत नाही.

आधी पोटात काय बदललं ते पाहू. सध्या सर्वांत जास्त होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग, मुख्यतः डावीकडचा फुगीर भाग, कापून बाहेर काढतात. उरते ती एक अरुंद नळी. तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथे जात नाही. कापलेल्या कडा टायटॅनियमच्या बारीक पिनांनी शिवलेल्या असतात. ही शिवण भरून येईपर्यंत तिच्यावर ताण नको, आतून सूज असताना घास अडकायला नको, म्हणून सुरुवातीला पातळच घ्यायचं.

जठराच्या शस्त्रक्रियेइतकीच ही पद्धतही जुनी आहे. जानेवारी १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी जठराचा भाग कापून काढण्याची जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या रुग्ण बाईंना सुरुवातीचे दिवस आंबवलेल्या दुधावर ठेवलं होतं. आपल्या गावातल्या आजीनेही ताकच पुढे केलं असतं.

आजचं वेळापत्रक डॉक्टरांगणिक थोडं बदलतं, पण घडी साधारण अशी: पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, प्रथिनांची पूड घातलेली पेयं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं वरण, मऊ दही, कुस्करलेलं अंडं, त्यानंतर मुगाची आसट खिचडी, उकडलेल्या भाज्या, पनीर, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण. खरं सांगायचं तर या आठवड्यांमागे मोठमोठ्या चाचण्यांपेक्षा शल्यचिकित्सकांचा अनुभवच जास्त आहे. म्हणून शेजारच्याच्या कागदावरून स्वतःचा आहार ठरवू नये. ज्यानं शिवण घातली त्याचाच कागद खरा.

या काळात एक गंमत होते. कुटुंबाला वाटतं माणूस भुकेनं तळमळत असेल. त्याला मात्र जेवणाची आठवणच होत नाही. १९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांनी भूक चेतवणारं ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढलेला असतो. शिवाय अन्न लवकर आतड्यात उतरल्यानं जीएलपी-१ नावाचं तृप्तीचं संप्रेरक वाढतं. हल्ली गाजणारी वजन उतरवणारी इंजेक्शनं त्याचीच नक्कल करतात. ही शांतता कायमची नसते. काही महिन्यांनी, वर्ष-दीड वर्षानं भूक हळूहळू परतू लागते. तोवर नव्या सवयी लागल्या पाहिजेत, आणि इथेच घट्ट अन्नाचं महत्त्व येतं.

निरोगी जठर पाणी आणि भाकरी यांना वेगवेगळी वागणूक देतं. पाण्यासारखा पातळ पदार्थ अर्धाअधिक वीसेक मिनिटांत पुढे सरकतो. घट्ट घास मात्र जठराच्या खालच्या टोकाशी थांबतो. तिथले जाड स्नायू जात्यासारखे तो रगडत राहतात आणि कण एक-दोन मिलिमीटरचे झाल्याशिवाय पुढची झडप त्यांना जाऊ देत नाही. जेवण उतरायला दोन-तीन तास लागतात, तेवढा वेळ पोट भरल्यासारखं वाटतं. स्लीव्हनंतर हे जातं बरंचसं शाबूत राहतं. सगळाच प्रवास जलद होतो, तरी घट्ट आणि पातळ यांतला फरक उरतो. बायपासमध्ये जातंच वाटेतून बाजूला पडतं. मग दळण दातांनीच करायचं. कवळी ढिली असेल, दाढा पडल्या असतील तर ऑपरेशनआधीच दंतवैद्य गाठलेला बरा. ही साधी गोष्ट फार घरांत राहून जाते.

आता ती पहिली भाकरी. चतकोराचाही चतकोर पुरे. भाकरीचा वरचा पापुद्रा घ्यावा, खालचा करपलेला, कडक भाग नको. गरम मुगाच्या आमटीत तो चुरायचा आणि दहा मिनिटं भिजू द्यायचा. चिमटीत दाबून पाहावं. कडक कण लागला तर आणखी थांबावं. चहाच्या चमच्यानं एक घास, वीस-पंचवीस वेळा चावून. मग चमचा खाली ठेवायचा. दुसरा घास मिनिटभरानं. पाच-सहा घासांत छातीच्या मधोमध दाबल्यासारखं वाटलं, उचकी लागली, तोंडाला एकाएकी पाणी सुटलं किंवा नाक वाहू लागलं, की जेवण संपलं. पानात काहीही उरलेलं असो. ‘घास अडला, पाणी पी’ हा आपला जन्माचा नियम इथे उलटतो. अडलेल्या घासावर पाणी ओतलं की ते वरच साठतं आणि फेसाळ उलटी होते. पाणी जेवणाआधी किंवा नंतर अर्ध्या तासानं, घोट-घोट. दिवसाला दीड लिटर भरलं पाहिजे. एप्रिल-मेच्या नगरी उन्हात शेतावर जाणाऱ्यानं तर बाटली हातातून सोडूच नये, कारण अंगातलं पाणी कमी होणं हे ऑपरेशननंतर पुन्हा दवाखाना गाठायला लावणारं एक नेहमीचं कारण आहे.

भाकरीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. पाव, नूडल्स किंवा घाईत गिळलेली मऊ पोळी यांचा चिकट गोळा होतो, आणि असे गोळे या रुग्णांना फार त्रास देतात. गव्हातलं ग्लुटेन त्यांना धरून ठेवतं. बाजरी-ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणूनच भाकरी थापणं अवघड आणि चुरणं सोपं. आमटीत तिचे कण सुटे होतात. शहरातल्या आहाराच्या छापील तक्त्यांत ‘ब्राऊन ब्रेड’ दिसला की मला नगरकडच्या ताटाची कीव नाही, तक्त्याची येते.

उलट, गळ्याखाली सहज उतरतं ते सगळं सोयीचं नसतं. उसाचा रस, शेवयांची खीर, चहात बुडवलेलं बिस्किट, तोंडात विरघळणारी शेव, आइस्क्रीम. हे खाताना ना दाब जाणवतो ना पोट भरतं. नळी अरुंद असली तरी ते तिच्यातून वाहून जातं आणि उष्मांक मात्र पूर्ण जमा होतात. दोन वर्षांनी ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणणाऱ्यांच्या दिवसभराच्या खाण्यात असे पदार्थ अनेकदा सापडतात. सोनईकराला रसाचा मोह आवरणं सोपं नाही, हे कबूल. पण उसाच्या रसात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते. एवढी साखर एकदम आतड्यात उतरली की ते पाणी ओढून घेतं आणि दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, घाम, छातीत धडधड, जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. कधी दुसरा तडाखा एक ते तीन तासांनी बसतो: साखरेला उत्तर म्हणून इन्सुलिन प्रमाणाबाहेर सुटतं आणि रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. गावात याला अशक्तपणा समजून वर आणखी गूळपाणी देतात. अशा वेळी साखर लगेच वर आणावी लागते हे खरं. पण रोज गोड घेऊन रोज हेच होत असेल तर गोडच थांबवायला हवं. बायपासमध्ये हा त्रास जास्त, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत.

सर्वांत अवघड जागा म्हणजे पंगत. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीच्या महाप्रसादाला हजारो माणसं बसतात; वाढपी धावत असतात, शेजारचा तिसरी भाकरी चुरतो, आणि ऑपरेशन झालेल्याचा दुसरा घास अजून तोंडात घोळत असतो. वाढणारा म्हणतो, ‘‘घ्या की पाव्हणं, लाजताय काय!’’ अशा वेळी ऑपरेशनची गोष्ट सांगत बसण्यापेक्षा पानात आधीच थोडं घेऊन ते हळूहळू खात राहणं बरं.

खाण्याचा क्रमही बदलावा लागतो. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि जागा तर वाटीभर. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, घट्ट वरणाच्या वाटीत सात-आठ. भाकरीनं सुरुवात केली तर डाळीला जागाच उरत नाही. म्हणून आधी उसळ, अंडं, पनीर, मटण चालत असेल तर खिमा; मग भाजी; शेवटी भाकरी.

जीवनसत्त्वांचं प्रकरण याहून गंभीर. बी-१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथलंच एक प्रथिन लागतं, दोन्ही घटतात. आपण मुळातच तोट्यात असतो: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळलं. लोहाची गत तशीच. इथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हातभार आठवावा. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेसोबतच्या कामातून आलेलं ‘धनशक्ती’ हे लोहयुक्त बाजरीचं वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. त्याच जातकुळीच्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना काही महिने खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. मात्र ती मुलं पोटभर खात होती. अर्धी भाकरी खाणाऱ्याला लोहाची गोळी चुकत नाही. ती चहासोबत घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवावी.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी आणि गावातल्या डॉक्टरांनीही पक्की ध्यानात ठेवावी. घट्ट अन्न सुरू करताना एखादी उलटी होणं समजू शकतं. दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या तर शरीरातला बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. चालताना तोल जातो, डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणं असंबद्ध होतं. आपल्याकडे अशक्तपणावरचा पहिला उपाय म्हणजे ‘एक सलाईन लावून या’, आणि त्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोज असतं. बी-१ शिवाय गेलेलं ग्लुकोज मेंदूची इजा वाढवू शकतं. म्हणून आधी ऑपरेशन झाल्याचं सांगायचं, बी-१ चं इंजेक्शन घ्यायचं, मगच ग्लुकोजची बाटली. आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन.