गाडी नुसतीच ‘टक-टक’ का करते?

डिसेंबरची गार सकाळ. जुन्या मारुती ८०० ची किल्ली फिरवली, तर इंजिन ढिम्म. बॉनेटखालून नुसतं ‘टक-टक-टक’. हेडलाइट मात्र लागतात. मग बॅटरी उतरली असं कसं म्हणायचं?

दिवा आणि इंजिनाला पहिली गती देणारा स्टार्टर यांच्या भुकेत फार फरक असतो. हेडलाइटच्या एका बल्बला साधारण ५ अँपिअर पुरतात, स्टार्टरला शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. नळाच्या करंगळीएवढ्या धारेवर तांब्या भरतो, पाणचक्की फिरत नाही, तसंच हे.

किल्ली फिरवताच सोलेनॉइड हा विद्युतचुंबकी स्विच आत ओढला जातो: ‘टक’! स्टार्टर वीज ओढू लागतो, अशक्त बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, चुंबकाची पकड सुटते. भार उतरताच व्होल्टेज सावरतो आणि पुन्हा ‘टक’. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यात इंजिन ऑइलही घट्ट होतं. म्हणजे ताकद कमी, काम जास्त.

आता निदान. किल्ली फिरवताना दिवे पार मंदावले, तर संशय बॅटरीवर किंवा टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरव्या थरावर. दिवे लख्ख राहिले आणि एकदाच ‘टक’ झालं, तर बहुधा स्टार्टर किंवा सोलेनॉइड. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही? मग पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडतेय. कार्बोरेटरची गाडी असेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी चोक ओढलाय ना, तेवढं पाहा!