भाजीच्या पिशवीतील नावे

वाशीच्या घाऊक पेठेत कांद्या-बटाट्यांचा स्वतंत्र बाजार आहे. तेथे एकाच पोत्याला उत्तरेकडचा हमाल 'आलू' म्हणतो आणि मुंबईकडचे गिऱ्हाईक 'बटाटा' म्हणते. मौज अशी की, या दोन नावांपैकी एकही मुळात त्या कंदाचे नव्हे. 'आलु' हा संस्कृत शब्द आपल्याकडील इतर कंदांना लावीत असत. 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा; पण ते त्याने रताळे ओळखीत. खरा बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा रहिवासी. तेथे त्याचे नाव 'पापा'. युरोपियनांच्या तोंडी दोन्ही कंदांच्या नावांची गल्लत झाली आणि रताळ्याचे नाव बटाट्याला चिकटले. ज्याचे नाव गेले त्या रताळ्याला मात्र मराठीने आपले घरचे नाव दिले.

ही नावे इतक्या दुरून आली कशी? कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, आणि १५०० साली हिंदुस्थानकडे निघालेले पोर्तुगीज आरमार वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. गोवा १५१० साली आणि वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतली. आज नवी मुंबईत मोडणारा बेलापूरचा किल्लाही काही काळ पोर्तुगीजांकडे होता व पुढे मराठ्यांनी जिंकला. राज्य गेले, किल्ले पडले. परंतु स्वयंपाकघरात शिरलेले शब्द काही परत गेले नाहीत. काजू आणि अननस ही ब्राझीलकडील तुपी भाषेची नावे पोर्तुगीजांच्या मुखातूनच मराठीत आली. 'पाव' हा तर सरळ त्यांच्या भाकरीवाचक शब्दाचा अवतार होय. पायांनी कणीक मळतात म्हणून 'पाव', ही व्युत्पत्ती केवळ थट्टेची आहे.

परकी वस्तू आली की भाषा तिला तीन रीतींनी घरात घेते. पहिली रीत, वस्तूबरोबर तिचे नावही घ्यावयाचे. काजू, अननस ही त्याची उदाहरणे. दुसरी रीत, जुने नाव नव्या वस्तूस द्यावयाचे. मिरचीचे मूळ स्थान मेक्सिको. तेथील नाहुआटल भाषेतील तिच्या नावावरून इंग्रजीत 'चिली' झाले. आपण ते नाव घेतले नाही. तिखटपणाचे साम्य पाहून मिऱ्याचेच नाव तिला दिले. तिसरी रीत, अगदी नवे नाव घडवावयाचे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या शेंगेला जमिनीखाली वाढते म्हणून 'भुईमूग' म्हटले, आणि अमेरिकेतून आलेल्या दोन फळांना तर 'सीताफळ' व 'रामफळ' अशी देवादिकांची नावे मिळाली!

याहून नवल एकादशीच्या ताटात दिसते. त्या दिवशी तांदूळ आणि गहू ही आपली पुरातन धान्ये वर्ज्य. चालते काय? बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि साबुदाणा. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे ज्या दिवशी घर सर्वांत सोवळे, त्याच दिवशी ताट सर्वांत परदेशी!

मेक्सिकोची नावे आजही येतच आहेत. टोमॅटो हे नाव नाहुआटलमधील 'टोमाटल' याचे रूप. चिकूचे नावही त्याच भाषेतील एका नावाच्या स्पॅनिश रूपावरून आले. आणि आता तर डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. हल्ली नवी मुंबईच्या उपाहारगृहांत 'ग्वाकामोले' नावाची चटणी मिळते. हा शब्द अवघड वाटला तरी त्याचा अर्थ साधा आहे: ॲव्होकाडोचे कालवण. ज्यांना तो ऐकून भाषा बुडाल्यासारखे वाटते, त्यांनी आपल्या हातातील बटाटेवडा पाहावा. 'वडा' संस्कृत 'वटका'पासून आला, 'बटाटा' ताइनोंचा, 'पाव' पोर्तुगीजांचा, आणि सोबतची मिरची मेक्सिकोची. तरी तो पदार्थ मराठी नाही असे कोण म्हणेल?

मग खरा धोका कोठे आहे? तो परक्या शब्दांत नसून आपल्याच शब्दांची लाज वाटण्यात आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि या नव्या नगरात विदर्भापासून कोकणापर्यंतची कुटुंबे शेजारी आली. विदर्भात टोमॅटोला 'भेदरे' म्हणतात, कोकणात 'तांबाटी'. मराठवाड्यात पेरूला 'जांब' म्हणतात. परंतु शाळेत 'भेदरे' म्हणणाऱ्या मुलाला सोबती हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मूल तो शब्द घरीच ठेवते. काही वर्षांनी तो घरातूनही जातो. ज्या आगरी-कोळी गावांच्या भूमीवर हे नगर उभे राहिले, त्यांच्या बोलीचीही हीच कथा. 'टोमॅटो' शुद्ध आणि 'भेदरे' गावठी, हा निवाडा व्याकरणाने दिलेला नाही. तो केवळ शहरी ऐटीने दिलेला आहे.

शब्द आपला झाला याची खूण त्याच्या जन्मस्थानात नसते, त्याच्या वापरात असते. मिरचीला या देशात येऊन पाच शतकेही पुरती झाली नसतील, पण कोणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर ते मराठीतच सांगावे लागते. म्हणून बाजारातून पिशवी घरी आली की मुलांना प्रत्येक जिनसाचे आजोळचे नाव आवर्जून विचारावे. आजीने 'जांब' म्हटले आणि नातवाने 'पेरू' म्हटले, तर त्यांतील एकाला चूक ठरविण्याचे कारण नाही. दोन्ही नावे सांभाळावीत; त्यास खर्च काहीच येत नाही.