रेडिओच्या उंबरठ्यावर अडलेली गाणी

गैरसमज : केसकरांनी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना बंदी घातली.

ही गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगितली गेली आहे की तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं नभोवाणी खात्याचे मंत्री होते आणि सिनेसंगीताबद्दलची नावड त्यांनी कधी लपवली नाही. पण सरसकट बंदीचा हुकूम निघालेला नव्हता. सिनेगीतांचा वाटा एकूण कार्यक्रमांच्या दहा टक्क्यांवर आणायचा, गाणी आधी चाळून घ्यायची आणि वाजवताना गायकाचं नाव सांगायचं, चित्रपटाचं सांगायचं नाही, असं ठरलं. चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं आकाशवाणीचं म्हणणं. निर्मात्यांना तर तीच जाहिरात हवी होती. त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ नाहीशी झाली. वाद अभिरुचीवरून सुरू झाला आणि विकोपाला गेला जाहिरातीवरून. आज केसकरांचं एकट्याचं नाव घेतलं जातं, निर्मात्यांचं कुणी घेत नाही. तेही दारावर उभे होतेच.

खरी बंदी कशी असते ते २४ वर्षांनी दिसलं. आणीबाणीत सरकारी प्रचाराच्या कामाला किशोरकुमार तयार झाले नाहीत, म्हणून ४ मे १९७६पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांची गाणी बंद झाली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात याची नोंद आहे.

गैरसमज : आकाशवाणीनं नाकारलेली गाणी रेडिओ सिलोनवर लोकांनी स्वतःच्या मर्जीनं निवडली.

रात्री रेडिओचा काटा सिलोनवर लावणाऱ्या पिढीला हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण ते दार कुणाचं होतं ते पाहा. युद्धकाळात दोस्त सैन्यासाठी उभारलेलं शक्तिशाली शॉर्टवेव्ह केंद्र कोलंबोच्या हाती आलं आणि त्याची जाहिरात-सेवा भारतभर ऐकू येऊ लागली. डिसेंबर १९५२मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली ती एका टूथपेस्टच्या पैशावर. निवेदक अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत आणि टेप विमानानं कोलंबोला जात. म्हणजे दिल्लीच्या मंत्र्याऐवजी आता जाहिरातदार दारावर उभा होता.

सुरुवातीला गीतमालेत सात गाणी कशीही लावून श्रोत्यांना क्रम ओळखायला सांगत. पायदानं, म्हणजे क्रमवारीतल्या पायऱ्या, नंतर आली. क्रम ठरायचा तो मुख्यतः दुकानांतल्या रेकॉर्डच्या खपावरून. तिथं कृत्रिम खरेदी होऊ लागल्यावर गावोगावच्या श्रोता संघांची मतं जोडली गेली. सायानींनी प्रामाणिकपणा राखण्यासाठी केलेली ही धडपड मला फार मोलाची वाटते. तरीही गोष्ट एवढीच उरते की ज्या गावात रेकॉर्डचं दुकान नव्हतं, त्या गावाची आवड खपाच्या आकड्यात कधी आलीच नाही. सोळा पायदानांवर चढलेलं गाणं पुन्हा वाजायचं, वाजलं म्हणून खपायचं आणि खपलं म्हणून पुन्हा चढायचं.

आकाशवाणीनं हार मानली ती ३ ऑक्टोबर १९५७ला, विविध भारती सुरू करून. पुढे दहा वर्षांनी, १९६७मध्ये, मुंबई-पुणे-नागपूरपासून तिच्यावर जाहिरातीही आल्या.

गैरसमज : दारावरचा माणूस फक्त अडवतो.

पुणे केंद्रानं १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू केलं. केसकरच मंत्री होते. आकाशवाणीला सिनेमाबाहेरचं सुगम संगीत हवं होतं. कार्यक्रमाचं काम पाहणाऱ्या सीताकांत लाडांनी ग. दि. माडगूळकरांकडून लिहून घ्यायचं ठरवलं, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या आणि दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी झाली. ती कुठल्याही निर्मात्यानं मागितली नव्हती, कुठल्याही दुकानदाराच्या यादीत बसली नसती. एका अधिकाऱ्यानं दार उघडून धरलं, म्हणून ती मराठी घरांत पोचली. रेडिओला हार घालून लोक ऐकत, हे आपण आजोबा-आजींकडून ऐकलंच आहे.

याच संस्थेनं पेटीचं काय केलं तेही सांगायला हवं. श्रुती आणि मींड तिच्यात नीट येत नाहीत, या कारणावरून १ मार्च १९४०पासून हार्मोनियम नभोवाणीवर निषिद्ध ठरली. रवींद्रनाथ ठाकुरांचाही या निर्णयाला पाठिंबा होता. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी नाट्यसंगीताच्या मंचावर जिला मान मिळवून दिला, त्या वाद्याला तीस वर्षं रेडिओवर जागा नव्हती. १९७१नंतर साथीपुरती वाट मोकळी झाली. एकल वादनावरचं बंधन त्यानंतरही राहिलं. श्रुतींचा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यापायी एका पिढीच्या पेटीवादकांची कला रेडिओवर वाजलीच नाही, आणि हे नुकसान भरून निघणारं नाही.

गैरसमज : आता मोबाइल हातात आहे, मध्ये कुणी नाही.

खासगी एफएम २००१पासून आलं. या वाहिन्यांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. देता येतात त्या आकाशवाणीच्याच. आणि गाणी? थोडीच निवडून तीच दिवसभर फिरवली जातात, कारण अनोळखी गाणं लागलं की श्रोता वाहिनी बदलेल ही जाहिरात विकणाऱ्यांना भीती. मुंबईत राहूनही या वाहिन्यांवर मराठी गाणं क्वचितच कानावर येतं, ते यामुळे.

मोबाइलवरच्या ॲपमध्येही ‘तुमच्यासाठी’ म्हणून येणारी यादी निव्वळ तुमच्या आवडीची नसते. स्पॉटिफायनं २०२०पासून ‘डिस्कव्हरी मोड’ आणला आहे : कलावंत किंवा रेकॉर्ड कंपनी कमी मानधन घ्यायला राजी असेल, तर ते गाणं शिफारशींत पुढे सरकवलं जातं. तेव्हा ॲपनं पुढचं गाणं आपोआप लावायच्या आत कधीतरी थांबा, आणि तुम्हाला हव्या त्या गायकाचं नाव स्वतः मराठीत टाइप करून शोधा.