पाठ वाजवणं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर-दौंड भागात पियानो क्वचितच दिसतो. इथल्या मुलांची बोटं पहिल्यांदा फिरतात ती भजनी मंडळाच्या पेटीवर, नाहीतर घरातल्या कीबोर्डवर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तिन्हींची एकच, आणि पाठ वाजवण्याबद्दलचे गैरसमजही तेच.

गैरसमज : पाठ वाजवायला देवाची देणगी लागते.
वस्तुस्थिती : हरिनाम सप्ताहात पेटीवर बसलेला माणूस पाहा. दिवसभर शेतात राबून आलेला असतो, पुढ्यात वही नसते, तरी एकामागून एक अभंगांच्या चाली वाजवतो. त्या चाली त्याने लहानपणापासून ऐकल्या, टाळ धरून गायल्या आणि मग पट्ट्यांवर शोधल्या. पाठांतर असंच तयार होतं.

गैरसमज : बोटांना सवय लागली की चाल पाठ झाली.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त फसवणारा समज हाच. निव्वळ बोटांच्या सवयीवर वाजवणारा मध्येच चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कारण मधली जागा त्याला ठाऊकच नसते. बुवांनी काळी एक सोडून पांढरी चार धरली, की त्याची बोटं अडतात. ज्याने चाल सरगममध्ये पक्की केली, त्याचा सा फक्त दुसरीकडे जातो. चाल तीच राहते. म्हणून पेटी बंद ठेवून सरगम म्हणावी, अंतऱ्यापासून वाजवायला सुरुवात करावी आणि अगदी संथ लयीत वाजवून बघावं. संथ लयीत बोटांची सवय उघडी पडते. इतकं पक्कं झालं, की डोळे मोकळे होतात. बुवा कधी आलाप घेणार, मृदंगी कधी लय वाढवणार, हे पाहून साथ करता येते. मला पाठांतराचा हाच खरा फायदा वाटतो.

गैरसमज : पाठ येत असेल तर स्वरलिपी शिकून काय करायचं?
वस्तुस्थिती : विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या, म्हणून त्या आज आपल्याला मिळतात. शंका आली की वहीकडे परतता आलं पाहिजे.

गैरसमज : पियानोवादकाने पाठच वाजवायला हवं.
वस्तुस्थिती : 1837 साली बर्लिनमध्ये क्लारा वीकने (पुढे क्लारा शूमान) पाठ वाजवलं, तेव्हा तो उद्धटपणा मानला गेला. उलट स्वियातोस्लाव रिख्तरसारखा दिग्गज उतारवयात समोर स्वरलिपी ठेवून मैफली करत असे. एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या पियानो परीक्षेतही पाठ वाजवल्याचे जादा गुण मिळत नाहीत.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना भर कार्यक्रमात वही बाजूला ठेवण्याची सक्ती करू नये. आधी घरी, पेटीला हात न लावता, ती चाल त्यांच्याकडून गाऊन घ्यावी.