आधी पेडल तपासा, मग पाना उचला

१९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावली. दादर-परळच्या गर्दीत दिवसभर ब्रेक मारत चालणाऱ्या या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. अँबॅसडरनेही बरीच वर्षं ड्रमवरच काढली. आता या गाड्या हौशी लोकांकडे आहेत आणि त्यांच्याबद्दल एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘जुनी गाडी आहे, ब्रेक असेच असणार.’ हे मला अजिबात मान्य नाही. नीट जुळवलेला ड्रम ब्रेक या गाड्यांना पुरून उरतो. तो लागत नसेल तर त्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते एकही भाग विकत न घेता शोधता येतं.

गैरसमज: ड्रम ब्रेक मुळातच कमजोर असतो

ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो. त्यांपैकी लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि आणखी घट्ट बसतो. म्हणजे पायाच्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. म्हणूनच या गाड्या बूस्टरशिवाय थांबू शकतात. डिस्कला ही आयती मदत नसते. अनेक गाड्यांत पुढच्या चाकाला दोन सिलिंडर देऊन दोन्ही शू लीडिंग केलेले असतात. अशी गाडी रिव्हर्समध्ये कमी जोराने थांबते. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे.

चाक जाम होण्याइतका ब्रेक लागत असेल, तर गाडी किती अंतरात थांबणार हे टायर आणि रस्ता ठरवतात. ड्रमची खरी मर्यादा उष्णता ही आहे. पुन्हापुन्हा ब्रेक मारल्यावर ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो आणि पेडल जास्त खाली जाऊ लागतं. शूवरच्या लायनरची पकडही उतरते. कसारा किंवा खंबाटकी घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि वेग इंजिनाला धरू द्या. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर हलका ब्रेक लावत थोडं अंतर गाडी चालवा, म्हणजे लायनर कोरडे होतात.

डिस्क बसवणं हा गुन्हा नाही. पण त्याबरोबर मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकच्या दाबाचं प्रमाण हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. फक्त पुढे डिस्क लावून मोकळं होणारी गाडी मूळ गाडीपेक्षा धोकादायक ठरू शकते.

गैरसमज: पेडल खाली गेलं म्हणजे मास्टर सिलिंडर गेला

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पेडल खाली जाण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे.

गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवून पेडल एकदा दाबा. ते बरंच खाली गेलं, पण लगेच दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन कडक झालं, तर शू ड्रमपासून लांब राहिले आहेत. फक्त अ‍ॅडजस्टमेंट हवी. बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये ती आपोआप होत नाही. लायनर झिजतं तसतसं अंतर वाढतं, म्हणून साधारण पाच हजार किलोमीटरला ती हाताने करावी लागते. पेडल पायाखाली स्पंजासारखं दबत असेल, तर पाइपमध्ये हवा आहे किंवा रबरी होज फुगतोय. आणि पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे. चारही चाकं, पाइप आणि सगळे जोड कोरडे असतील आणि तरीही पेडल सरकत असेल, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावर संशय घ्यायचा.

घाटात नेमकं काय झालं हेही पेडलच सांगतं. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलं. पेडल अचानक मऊ पडलं, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली.

अ‍ॅडजस्टमेंटची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार वेळा अर्धवट केली जाते. चाक उचला, बॅक प्लेटवरचा अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवा, मग चाक जेमतेम मोकळं होईल इतका मागे घ्या. इथे थांबू नका. पेडल दोन-तीनदा जोरात दाबा. शू ड्रममध्ये मधोमध बसतात आणि पुन्हा थोडी जागा निघते. परत अ‍ॅडजस्ट करा. शू हलकेच घासल्याचा आवाज आला तरी चालेल, पण चाक हाताला अडता कामा नये. हे सगळं झाल्याशिवाय हवा काढायला बसू नये, कारण लांब राहिलेले शू हवेसारखीच लक्षणं दाखवतात.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल तळापर्यंत मारू नका. रोज न वापरल्या जाणाऱ्या शेवटच्या भागात गंज साठलेला असतो आणि आतलं रबर त्यावर घासून फाटतं. मग खरोखरच मास्टर सिलिंडर बदलावा लागतो.

गैरसमज: गाडी ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचा ब्रेक खराब

बऱ्याचदा उलटं असतं. गाडी डावीकडे ओढते, कारण उजवा ब्रेक लागतच नाही. त्याचा सिलिंडर जाम असतो किंवा लायनरवर तेल आलेलं असतं. अर्थात थोडं तेल लागलेलं लायनर कधीकधी उलट जास्त पकडतं, म्हणून दोन्ही ड्रम उघडल्याशिवाय निकाल देऊ नये. त्याआधी टायरमधली हवा तपासा, त्याला एक पैसा लागत नाही.

ब्रेक सोडल्यावरही एकच चाक धरून राहत असेल, तर त्या चाकाच्या रबरी होजकडे पाहा. बाहेरून ठणठणीत दिसणारा होज आतून फुगून बंद झालेला असतो. पायाचा दाब ऑइल पुढे ढकलतो, पण स्प्रिंगच्या ओढीने ते परत येत नाही. त्या चाकाचा हवा काढायचा निपल ढिला केल्यावर ऑइलची पिचकारी येऊन चाक लगेच मोकळं झालं, तर हायड्रॉलिक दाब अडकला होता हे नक्की, आणि पहिला संशय होजवरच घ्यायचा.

गैरसमज: तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन, घासून चालवता येतं

नाही. तेल लायनरच्या आत मुरतं. वरून स्वच्छ दिसलं तरी ड्रम तापला की ते पुन्हा बाहेर येतं. शू बदलाच, पण त्याआधी तेल कुठून आलं ते शोधा, नाहीतर नवे शूही तसेच होतील. व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरने जराशी उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. मागच्या चाकावर अ‍ॅक्सलचं ऑइल सीलही गुन्हेगार असू शकतं. दोन्हींतला फरक कळायला डागावर पाणी टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल विरघळत नाही आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

गैरसमज: शू बदलणं म्हणजे जुने काढायचे, नवे लावायचे

ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी अ‍ॅडजस्टर मागे घ्या. झिजलेल्या ड्रमच्या कडेला ओठ तयार होतो आणि शू त्यात अडकून बसतात. गाडी जॅकवर सोडून किंवा विटा रचून काम करू नका. पक्के स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू समोर नमुना म्हणून राहते. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे, हे नंतर आठवत नाही. अनेक अमेरिकन गाड्यांच्या सर्वो ब्रेकमध्ये पुढच्या शूचं लायनर आखूड आणि मागच्याचं लांब असतं. दोन लांब एका चाकावर आणि दोन आखूड दुसऱ्यावर बसले, की गाडी ओढणार. शू नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलायचे. तापून निळसर पडलेल्या किंवा सैल झालेल्या स्प्रिंगाही बदला.

ड्रमवर चरे असतील किंवा ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडत असेल, तर ड्रम लेथवर टर्न करावा लागतो. पण किती मटेरियल काढायचं याला मर्यादा असते. ती ड्रमवर कोरलेली किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती ओलांडलेला ड्रम भंगारातच जायला हवा. टर्न केल्यावर व्यास वाढतो आणि नवं लायनर फक्त मधल्या पट्ट्यात टेकतं. पेडल कडक, तरी ब्रेक नाही, अशी तक्रार नव्या शूनंतर येते ती बहुधा यामुळे. लायनरची गोलाई ड्रमला जुळवून घ्यावी लागते. त्यानंतरही सुरुवातीचे काही दिवस बेताच्या वेगात, मधे थंड होऊ देत ब्रेक वापरा. लायनर बसायला वेळ लागतो.

जुन्या शूंच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या साठ्यातल्या न वापरलेल्या शूंमध्येसुद्धा. गॅरेजमध्ये सर्रास हवेच्या प्रेशरने ड्रममधली धूळ उडवतात. हे थांबलंच पाहिजे. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा आणि लायनर कोरडं घासू नका. कामगार पोरगा असेल तर त्यालाही हे सांगा. फुप्फुसात गेलेले तंतू कित्येक वर्षांनी आजार म्हणून उभे राहतात.

गैरसमज: ऑइल ते ऑइल

ब्रेकमध्ये इंजिन ऑइल किंवा जॅकचं ऑइल गेलं तर ब्रेकमधली सगळी रबरं फुगून निकामी होतात. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलचे असतात आणि हवेतलं पाणी शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावरची किमान अट १५५ अंशांची आहे. पावसाळी हवेत राहणाऱ्या गाडीचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला हवं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

हँडब्रेक सैल झाला म्हणून आधी केबल ताणू नका. आधी शू अ‍ॅडजस्ट करा, मग केबल. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू गंजून ड्रमला चिकटतात. गिअर टाका आणि चाकांना दगड लावा.

जुन्या रचनेच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना एकच हायड्रॉलिक सर्किट असतं. एक होज फुटला की चारही ब्रेक एकदम जातात आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. होजना भेगा पडल्या असतील किंवा ते किती जुने आहेत हे माहीत नसेल, तर पुढच्या सहलीआधी सगळे बदलून घ्या. काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी अगदी कमी वेगात घ्या, आणि हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.